मेंढपाळ, एक नग

माझ्या बापाला कंपनीच्या मटेरियल गेटवर अडीच तास बसवून ठेवलं होतं. एप्रिल संपत आलेला, भर दुपार, डांबर चपलेला चिकटत होतं. तो गेटच्या आत भिंतीला टेकून उकिडवा बसलेला. मांडीवर कोकरू. डोक्याला लाल पागोटं, अंगात धुतलेली पैरण. त्याला फक्त बाहेर जायचं होतं. पण पासवर सही नव्हती.

पास त्याच्या नावाचा नव्हता, मालाचा होता. आत आलेला माल परत बाहेर जायचा असेल तर ज्याने मागवला त्याची सही लागते. सही नसली की माल अडकतो.

मी तिसऱ्या मजल्यावर होते. काचेतून तो दिसत होता. गेटवरच्या गार्डचा दोनदा फोन आला. 'मॅडम, आपका आदमी नीचे बैठा है, साइन करवा दो.' तो माझा बाप आहे, असं मी म्हणाले नाही. आजूबाजूचे लोक ऐकत होते. मी म्हणाले, 'हां भैया, भेजती हूँ किसी को,' आणि खाली मान घालून बिलं जुळवत बसले. माझी सही गेटवर चालत नव्हती. कंत्राटी माणसाची सही चालतच नाही. ज्या मॅडमची चालायची त्या नऊवारी नेसून ग्रुपबरोबर बाहेर जेवायला गेल्या होत्या.

हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून तुम्ही मला शूर समजाल. त्या दिवशी मी शूर नव्हते. मी बापाला ओळख दिली नाही.

आम्ही धनगर. नेऱ्याकडून कासारसाईच्या धरणाकडे जाताना जो माळ लागतो, तिथे आमचं घर. माझ्या लहानपणी चार खंडी मेंढरं होती. खंडी म्हणजे वीस. आता खंडीभर उरलीत. चरायलाच जागा नाही. जिथे गवत होतं तिथे वीस-वीस मजले उभे राहिले, आणि त्यांच्या वॉचमनला आमची मेंढरं रस्त्यावरून गेलेलीही चालत नाहीत. मी बी.कॉम. झाले, मग एम.कॉम. झाले. आमच्या भावकीत एवढं कुणी शिकलं नव्हतं. आबा सगळीकडे सांगत सुटला होता की पोरगी कंपनीत हिशोब बघणार.

कंपनीत मला लावलं शेजारच्या माण गावच्या एका शेठने. शेठ जमीनवाले. जमीन आयटी पार्कात गेली, उरलेल्या तुकड्यावर त्यांनी खोल्या बांधून भाड्याने दिल्या, आणि वर कंपन्यांना माणसं पुरवायचं कंत्राट घेतलं. झाडूवाले, ड्रायव्हर, आणि माझ्यासारखे दोन-चार शिकलेले. पहिल्या दिवशी ते मला म्हणाले, 'धनगराची पोर कांप्युटर चालवतीया, चांगलं हाय. पर ध्यानात ठिव, तितं तुला मी बसवलीया.'

बसवली. हा शब्द मला चांगला ठाऊक होता. उन्हाळ्यात शेतकरी माझ्या आज्याला बोलवायचे, शेतात मेंढरं बसवायला. चार रात्री कळप रानात बसवायचा. लेंड्यांनी, मुताने जमीन कस धरते. मालक पायली-दोन पायली धान्य देतो आणि कळप उठतो. पुढचं पीक मालकाचं. शेठच्या ज्या रानात आमची मेंढरं बसायची तिथेच आता कंपनीचं पार्किंग आहे. आणि वर तिसऱ्या मजल्यावर मला बसवलेलं. अकरा महिने झाले की उठवायचे, मध्ये चार दिवस घरी, मग नवा कागद आणि पुन्हा अकरा महिने. असं तीन वर्षं चाललं होतं.

कामात मी कच्ची नव्हते. पुरवठादारांची बिलं माझ्याकडे यायची. ऑर्डर, गेटवरची नोंद आणि बिल, हे तीन कागद एकमेकांशी जुळले तरच बिल पुढे सोडायचं. मी एक पैसाही इकडचा तिकडे जाऊ द्यायचे नाही. कायम असलेले लोक चहाला गेले की त्यांचीही बिलं मीच जुळवायचे. त्यांच्या गळ्यातल्या पट्ट्या निळ्या, माझी पिवळी. पिवळ्या पट्टीला जिना. लिफ्ट फक्त सामान असेल तर.

आणि माझं बोलणं. पहिल्याच आठवड्यात मी कुणाला तरी सांगितलं, 'साहेब आत हाय.' झालं. समोरच्याने हात हलवून म्हटलं, 'हाऽय!' त्या दिवसापासून रोज सकाळी कुणी ना कुणी मला बघून हात हलवायचं. 'हाऽय! फाइल हाय का?' आणि खिदळणं. मीही हसायचे. नंतर मी 'आहे' म्हणायला शिकले, घोटून घोटून, परीक्षेला शिकतात तसं. तरी हात हलायचे थांबले नाहीत.

मॅडम मात्र गोड बोलायच्या. त्या आमच्या विभागाच्या प्रमुख, पुण्याच्या. दर वेळी म्हणायच्या, या वर्षी तुझं कायम होणार. कोपराला गूळ लावावा तसं ते कायम. दिसतं जवळ, आणि जीभ पोचत नाही. पण मी जीभ काढून होते, हे खोटं कशाला सांगू.

वर्षातून एकदा तिथे पारंपरिक वेशाचा दिवस असतो. यंदा विषय ठरला 'माझं गाव'. मॅडम माझ्या टेबलाशी आल्या. एरवी त्या माझ्या टेबलाशी कधी येत नसत.

'अगं, तुमच्याकडे मेंढ्या आहेत ना? बाबांना सांग ना, एक छोटंसं कोकरू घेऊन येतील. फोटो इतके क्यूट येतील ना! आणि ते काळं ब्लँकेट असतं ना, ते पण.'

मग त्या हळूच म्हणाल्या, 'कायमच्या यादीत तुझं नाव टाकलंय मी. वरच्या लोकांना तूही दिसशील.'

संध्याकाळी मी घरी सांगितलं, 'आबा, आमच्या हापिसात बोलावलंय तुमास्नी.'

आबा चकित झाला. 'मला? पाव्हणा म्हणून?'

मी म्हणाले, 'व्हय.'

हे 'व्हय' माझं आहे. ते कंपनीचं नाही, मॅडमचं नाही, शेठचं नाही. मला माहीत होतं त्याला कशाला बोलावलंय. तरी म्हणाले.

आबाने वस्तीभर सांगितलं. त्या दिवशी मेंढरं चुलत्याकडे सोपवली. आईने पैरण दोनदा धुतली. आणि त्याने पेटीतून नवी घोंगडी काढली, आमच्याच मेंढरांच्या लोकरीची, माझ्या लग्नासाठी ठेवलेली. आई म्हणाली, ती कशाला. तर म्हणाला, 'लेकीच्या सायबाकडं मोकळ्या हातानं कसं जायाचं?'

आमच्याकडे पाहुणा आला की घोंगडी अंथरतात. पायताण घालून तिच्यावर कुणी चढत नाही, लहान पोरसुद्धा नाही. देवाच्या कार्याला तीच लागते. कंपनीत खाली लॉबीमध्ये गवताच्या पेंढ्या, थर्माकोलची विहीर आणि प्लास्टिकचं बैलगाडीचं चाक लावून ठेवलं होतं. डेकोरेशनवाल्याने आबाच्या हातातली घोंगडी घेतली आणि फरशीवर पसरली. मग माणसं आली. बूट, सँडल, उंच टाचा, सगळं त्या घोंगडीवरून. आबा कोकरू धरून उभा. 'अंकल, इकडे बघा. अंकल, स्माइल.' एका पोराने आबाच्या डोक्यावरचं पागोटं उचललं आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवलं. 'अंकल, जस्ट वन मिनिट हां.'

चारचौघांत बोडक्या डोक्याने उभा राहिलेला आबा मी तोवर पाहिला नव्हता. पिकलेले केस घामाने चिकटलेले. तो हसत होता. त्या पोराने मला फोन दिला आणि म्हणाला, 'काढ ना एक.' तो फोटो मी काढला.

जेवायच्या वेळेला मॅडम ग्रुपबरोबर बाहेर गेल्या, बाकीचे वर गेले. पाहुण्याला जेवायला बसवा, असं कुणी म्हणालं नाही. डेकोरेशनवाला म्हणाला, 'काका, झालं तुमचं, तुम्ही निघा.' आणि मग ते गेट. मॅडम जेवून आल्या, मी त्यांच्यापुढे पास धरला, त्यांनी फोनवर बोलता बोलता सही केली. आबा सुटला. घोंगडी परत आली नाही. कुणाकडे आहे कुणालाच माहीत नव्हतं. घरी आल्यावर मी त्याच्याकडे बघायचं टाळत होते, तर तोच मला म्हणाला, 'मोठी कंपनी हाय बाई. नियम असत्यात.' मला वाटलं, बरं झालं, त्याला कळलं नाही.

आठ दिवसांनी डेकोरेशनवाल्याचं बिल माझ्याकडे आलं. पेंढ्या, विहीर, चाक, फुलं. गेटवरची नोंद जोडलेली नव्हती. मी नेहमीप्रमाणे बिल अडवलं आणि नोंद मागवली. माझाच काटेकोरपणा. दुपारी नोंद आली. बिल आणि नोंद शेजारी शेजारी ठेवून मी एकेक ओळ जुळवायला घेतली, आणि बोट सातव्या ओळीवर थांबलं. बिल इंग्रजीत होतं, मी मराठीत सांगते.

मेंढी, जिवंत, एक नग. मेंढपाळ, वेशभूषेसह, एक नग.

ऑर्डरमध्ये आणि गेटच्या नोंदीतही तेच. मेंढपाळ, एक, परत नेण्याचा माल. तिन्ही कागद तंतोतंत जुळत होते. तीन वर्षांत मी हजारो ओळींवर हिरवी खूण केली असेल. खुर्च्या किती नग, पंखे किती नग, फिनेलच्या बाटल्या किती नग.  मी उठून बाथरूममध्ये गेले आणि ओकले.

परत येऊन बिल मॅडमकडे नेलं. म्हटलं, 'मॅडम, हे माझे वडील आहेत.'

त्यांना आधी कळलंच नाही. मग त्या ओळ वाचून म्हणाल्या, 'ओह. हो का. अगं, ती फक्त एक ओळ आहे. पर्सनली नको घेऊस.'

'त्यांना या डेकोरेशनवाल्याने आणलं नव्हतं. मी आणलं होतं. तुम्ही सांगितलं म्हणून.'

'हो गं, पण बजेटमध्ये बसवायला त्याने तसं लिहिलंय. मला माहितेय ते. हवं तर तुझ्या बाबांनाही व्हाऊचरवर काहीतरी देऊ आपण.'

'मला पैसे नकोत, मॅडम. ती ओळ खोडा. पाहुणा लिहा.'

त्या हसल्या. वाईट हसल्या नाहीत, खरंच गंमत वाटून हसल्या. 'पाहुणा असा कोड नाही गं सिस्टिममध्ये.'

सोमवारपर्यंत बिल सोड, ऑडिट आहे, आणि सोमवारीच माझं पत्र येणार आहे, असंही त्या म्हणाल्या. दोन्ही गोष्टी एका दमात. अडाणी असते तरी समजलं असतं.

घरी आईजवळ नोकरी सोडायचं बोलले, तर ती भाकरी थापता थापता भडकली. 'सावलीत बसून खातीस म्हणून सुचतंय ह्ये. चार दिस उनात मेंढरामागं चल, मग कळंल. एका वळीसाठी कुणी नोकरी सोडतं व्हय?' तिचं चुकत नव्हतं. आमच्या घरात दर महिन्याला ठरलेल्या तारखेला येणारी गोष्ट एकच, माझा पगार. आणि कायम झाले असते तर आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन कंपनीच्या विम्यातून झालं असतं. ती रोज बसताना-उठताना कण्हते, ते मी रोज ऐकते. मी ठरवलं, करून टाकू खूण. एक क्लिक तर आहे.

पण ते आबाला सांगितल्याशिवाय करवेना. रविवारी त्याच्याबरोबर मेंढरं घेऊन धरणाकडे गेले. पाणी आटून काठाला हिरवं उगवलं होतं, मेंढरं तुटून पडली. मी त्याला सगळं सांगितलं. बिल, नग, आणि माझं 'व्हय'. बोलताना त्याच्याकडे बघत नव्हते.

तो म्हणाला, 'ठावं हाय मला.'

'काय ठावं हाय?'

'गेटवरच्या त्या पोराला इचारलं मी, बाबा, कशापायी बसवून ठेवलंय. त्यानं वही दावली. म्हणला, चाचा, आपका नाम नहीं है इसमें, आप माल में हो. त्यालाबी वंगाळ वाटत हुतं. बिचाऱ्यानं पाणी आणून दिलं.'

'मग बोलला का न्हाई तुमी?'

'तुजं कायम व्हायाचं हुतं न्हवं? म्हणलं, एक दिस माल तर माल.'

मला रडू आलं नाही. राग आला. त्याचासुद्धा आला. अडीच तास उन्हात तो सगळं समजून बसला होता. मी वरून बघत होते, आणि तो खालून माझी नोकरी राखत होता. घरी येऊन नियम असत्यात म्हणाला ते मला लाज वाटू नये म्हणून. आज्याने शेठच्या बापापुढे मान खाली घातली ती आबासाठी, आबाने घातली ती माझ्यासाठी, आणि मी उद्या एम.कॉम.च्या हाताने खूण करून ते पक्कं करणार होते.

'कर सही आन् हो मोकळी,' आबा म्हणाला. 'माजं काय झिजतंय?'

'माजं झिजतंय, आबा.'

त्याने काठी उचलली. मेंढरं वळवायला निघून गेला.

सोमवारी मॅडमनी टेबलावर पत्र ठेवलं. खरंच कायमचं होतं. मी ते दोनदा वाचलं. माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, एकही चूक नाही. मला ते हवं होतं. हात पुढे गेला होता माझा, खोटं नाही सांगत.

'काँग्रॅच्युलेशन्स,' मॅडम म्हणाल्या. 'आता ते बिल तेवढं क्लिअर कर आणि पत्रावर सही करून टाक.'

'ती ओळ खोडली का?'

'अगं, पुन्हा तेच?'

'न्हाई, मॅडम. मी ह्या ओळीवर खूण करणार न्हाई.'

तीन वर्षं घोटलेलं 'नाही' तोंडातून आलंच नाही. आलं ते घरचं 'न्हाई'. पलीकडच्या टेबलावर ते ऐकू गेलं. कुणी हात हलवला नाही.

मॅडमचा चेहरा बदलला. 'हे बघ, तू नाही केलंस तर दुसरं कुणीतरी करेल. तुझ्यासारख्या पन्नास मिळतात.'

'मिळू देत,' मी म्हणाले आणि जागेवर जाऊन बिल नाकारलं. नाकारताना कारण लिहावं लागतं. मी लिहिलं, हा माणूस पुरवठादाराने पुरवलेला नाही. हे माझे वडील आहेत, त्यांना पाहुणे म्हणून बोलावलं होतं. तो शेरा तिथे पुसता येत नाही. बिल पुढे कुणीही सोडलं तरी तो त्याच्यासोबत राहतो. तीन वर्षांत माझं तेवढंच कायम झालं. पत्र मी टेबलावर तसंच ठेवलं आणि पिवळी पट्टी त्याच्यावर.

मग मला मनुष्यबळ विभागात पाठवलं, जाण्याचा फॉर्म भरायला. स्क्रीनवर विचारलेलं, सोडण्याचं कारण. खाली निवडायला पाच कारणं. उच्च शिक्षण, चांगली संधी, तब्येत, स्थलांतर, लग्न. तिथला मुलगा म्हणाला, 'लग्न टाका. सगळ्या मुली तेच टाकतात.'

'यात दुसरं काही लिहायची जागा नाही?'

'होती. काढून टाकली. लोक काहीही लिहायचे.'

कारण निवडल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही, आणि फॉर्म सरकला नाही तर अनुभवपत्र मिळत नाही. तो चांगुलपणाने समजावत होता. अनुभवपत्राशिवाय ही तीन वर्षं कुठे दाखवता येणार नाहीत, म्हणाला. मी फॉर्म तसाच उघडा ठेवून उठले. लग्नाचं खोटं लिहून मला त्यांची चूक झाकायची नव्हती.

खाली उतरले तर शेठचा फोन. 'माजलीस व्हय गं? तुज्या आज्यापासनं आमच्या बांधावर जगलासा तुमी.'

'आमच्या मेंढरांच्या लेंड्यांवर तुमचं रान पिकलं, शेठ,' म्हटलं आणि फोन ठेवला.  त्या दिवसापासून ते माणमध्ये आबाला रामराम घालत नाहीत. आई माझ्याशी मोजकंच बोलते. गुडघा तसाच आहे. सगळं ठीक होईल असं मला कुणी सांगितलेलं नाही, आणि मी कुणाला सांगणार नाही.

येत्या आठवड्यात एका ठिकाणी मुलाखत आहे. तिथे पहिला प्रश्न हाच असणार, आधीची नोकरी का सोडली. ओळखीच्या सगळ्यांनी उत्तर पढवलंय. हसून म्हण, चांगल्या संधीसाठी. मी ते म्हणणार नाही. मी सांगणार की कंपनीने माझ्या बापाला सामानात लिहिलं, त्याला तिथे मी स्वतः फसवून नेलं होतं, आणि त्या ओळीवर मी खूण केली नाही. ते ऐकून घेणार असतील तर घेतील. दारातून परत पाठवलं तर दुसऱ्या दारात जाऊन हेच सांगेन, माझ्या भाषेत, आणि तिसऱ्या दारातही.